मांडवीवरचं घोरणं

"कोण घोरतंय गो?" सगुण ओरडला आणि हातातला काजूचा बोंडू त्याच्या शर्टावर पचकन फुटला!

मे महिन्याची सुट्टी होती. मांडवीवरच्या आमोणे गावात 'लक्ष्मी' नावाची बार्ज, म्हणजे खनिज वाहणारी सपाट बोट, रंगवायला काठाला लावली होती. रंगवणारे महादेवकाका चहाला घरी गेले होते आणि राखणीला उरली होती तीन पोरं, सगुण आणि शेजारच्या दोघी बहिणी. पण घोरणं येत होतं ते केबिनमधल्या रेडिओतून! आणि घोरणं तरी कसलं? काचा थरथरत होत्या. काठावर ऊन खात पडलेल्या सुसरीनेसुद्धा म्हणे लाजून पाण्यात बुडी मारली!

"रेडिओच्या सोळा नंबरवर घोरतंय कोण?" चंद्रा कडाडली. बारा वर्षांची चंद्रा म्हणजे बार्ज चालवणाऱ्या भिकाजी तांडेलाची लेक. "नदीतल्या सगळ्या बार्जींचे कान सोळावर असतात. तिथे फक्त हाक मारायची, नाहीतर संकट सांगायचं."

"मग ह्याला झोपेचं संकट आलंय!" तिची धाकटी बहीण तारा खिदळली. "ताई, बघ, बाबांची बार्ज!"

खनिजाने भरलेली 'यशोदा' नदीतून खाली येत होती. केबिनच्या टपावर भिकाजी दोन्ही हात पसरून वर-खाली, वर-खाली करत होता. तारानेही हात हलवले. "बाबा आज भलतेच खूश!"

चंद्राचा चेहरा मात्र उतरला. इंजिनाचा आवाजच नव्हता. नांगराची साखळी ताणलेली होती, तरी बार्ज सरकत होती.

"तारा, तो टाटा नाही! असे हात हलवले म्हणजे मदत हवी! नांगर चिखलात घसरतोय, ओहोटी लागलीय, आणि खाली पुलाचे खांब!"

"मग रेडिओवर का सांगत नाहीत?" सगुणने विचारलं.

"सांगून थकले असतील! हा कुंभकर्ण बटण दाबून झोपलाय ना! जवळच्याचं बटण दाबलेलं असलं की लांबच्यांचं बोलणं त्याखाली गाडलं जातं." चंद्राने केबिनमधल्या रेडिओवरून हाक मारून पाहिली. बटण सोडलं, तर पुन्हा घुर्रर्र!

इतक्यात रेडिओत वाजलं, पोंक पोंक! आणि बाहेर, लांबवर, तसंच पोंक पोंक!

"पोदेर!" सगुणने उडीच मारली. "पाववाल्याचा भोंगा! जो बाहेर वाजतोय, तोच आत! चंद्राताय, चार वाजता पोदेर कुठे असतो?"

"धक्क्याच्या ऑफिसात! तिथेही रेडिओ आहे! गोकुळदासमामांना चहाबरोबर पाव लागतात. पळा!"

तिघं अशी पळाली की वाटेतल्या कोंबड्या छपरावर उडाल्या त्या संध्याकाळपर्यंत खाली उतरल्या नाहीत! ऑफिसात गोकुळदासमामा खुर्चीत आडवे. कॅसेट कधीच संपलेली, आणि समोर रेडिओचा माईक. त्याचं बटण सुंभाने करकचून बांधलेलं! सगुणने दातांनी गाठ सोडवली. चंद्राने माईक घेतला.

"मेडे म्हण, मेडे!" सगुण म्हणाला.

"नको! मेडे म्हणजे जीव आत्ता जातोय. बार्ज बुडत नाहीये. अशा वेळी पॅन-पॅन." तिने बटण दाबलं. "पॅन-पॅन, पॅन-पॅन, पॅन-पॅन! सगळ्या बार्जींना! आमोणे धक्क्यावरून चंद्रा बोलतेय. बार्ज 'यशोदा', इंजिन बंद. नांगर घसरतोय, पुलाकडे वाहतेय. ओढायला बार्ज हवी!"

तिने बटण सोडलं. मग आवाज आला, "चंद्रा, मी रामचंद्र तांडेल. रिकामी बार्ज घेऊन पुलाखालूनच वर येतोय. दोर तयार ठेवतो!"

गोकुळदासमामा दचकून उठले. "कोण रे? राजाचा प्रवेश संपला?"

"संपला, मामा! आता राक्षसाचा चालू आहे!" तारा म्हणाली.

मामांनी तोंडावर हात मारला. "बार्जीवरची सिंधुदुर्गातली पोरं म्हणाली, दुपारी दशावतारातली दोन पदं ऐकवा. बटण धरून हात दुखतो, म्हणून बांधलं… अरे देवा!"

तिकडे रामचंद्राचा पहिला दोर पाण्यात पडला, दुसराही पाण्यात! तिसरा 'यशोदा'वर झेलला गेला. बार्ज खांबाजवळ थांबली. किती जवळ? सगुण सांगतो वीतभर, तारा सांगते चार बोटं. खरं विचाराल तर मधून एक म्हैस आडवी गेली असती, पण सांगायला चार बोटंच बरी!

संध्याकाळी धक्क्यावर गाव लोटला. मामांनी सगळ्यांसमोर कान धरले.

"वीस वर्षं नदीत आहे," रामचंद्र म्हणाला, "पण इतकी नीट हाक मोठ्यांचीही ऐकली नाही. कोण, कुठे, काय हवं, सगळं एका दमात! आणि तुम्ही दोघंही शाबास, बार्ज बघणारी आणि पोदेर ओळखणारा!"

भिकाजीने मिशीत हसत विचारलं, "पण बाय, सख्ख्या बापासाठी नुसतं पॅन-पॅन?"

"तुम्हीच शिकवलंत ना? आपण घाबरलो म्हणून मेडे द्यायचा नाही."

"म्हणजे घाबरली होतीस?"

"खूप!" चंद्रा म्हणाली आणि तिने बाबांना अशी घट्ट मिठी मारली, की खनिजाची लाल माती बाबांच्या शर्टावर उरलीच नाही. सगळी तिच्या फ्रॉकवर!