लॉर्ड एव्हरार्डचं नाक

त्याने बसायला नेमकी तीच खुर्ची निवडली, जिच्यावर मी सकाळीच वाळलेलं काटेरी बोंड ठेवलं होतं!

"आई गं!"

"कुणी बसू नये म्हणूनच आम्ही ठेवतो ते," मी म्हटलं. "पाटी लावली तर दालनाची शोभा जाते."

"आणि माझी गेली, तिचं काय?"

तो वळला आणि... मी भिंतीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, मग पुन्हा भिंतीकडे. तैलचित्रातल्या लॉर्ड एव्हरार्डचं बाकदार नाक जसंच्या तसं याच्या चेहऱ्यावर! फक्त लॉर्डसाहेब तीनशे वर्षं रागावलेले, आणि हा हसत होता.

शनिवारी शाळा नसते, तेव्हा मी या हवेलीत पाहुण्यांना चित्रांची माहिती देते. मालकांच्या घरातलं कुणी कधीकधी असं न सांगता येऊन जातं. आमच्यातल्या सगळ्यात जुन्या पार्जिटरबाई कुजबुजल्या, "नाक खोटं बोलत नाही, पोरी. धाकटी पाती दिसतेय!" आणि धावत जाऊन त्याच्यासाठी चहा घेऊन आल्या. बरोबर स्कोन, म्हणजे छोटा गोड पाव, वर दुप्पट साय.

त्याचं नाव जॅगो. मग तो दर शनिवारी येऊ लागला.

"तुझ्या या पूर्वजांना कुत्र्यांशिवाय कुणी आवडत नसे," मी चिडवायची. तो कानांपर्यंत लाल व्हायचा, आणि मला... जाऊ दे, सांगते कशाला!

पाचव्या शनिवारी मात्र तो खाली बघत म्हणाला, "तॅम्सिन, मी... यांच्यातला नाहीच. बाजारातल्या बेकरीवाल्याचा मुलगा आहे. नाक आजोबांचं. तुम्ही सगळे मला लॉर्ड समजलात, तू इतकं बोलायला लागलीस... वाटलं, खरं सांगितलं तर बोलायची थांबशील."

मला राग आला. खूप! "तुला काय वाटलं, मी नाकाशी बोलत होते?"

"मग कुणाशी?"

घ्या! आता उत्तर द्यायलाच हवं होतं. मी लॉर्डसाहेबांकडे बोट केलं.

"हे नाक मी दोन वर्षं बघतेय, जॅगो. शनिवारचे सहा-सहा तास. छातीत एकदाही धडधडलं नाही. तू जिन्यावर दिसलास की धडधडतं."

"म्हणजे..."

"म्हणजे तू मला आवडतोस. बेकरी कितीला बंद होते?"

"प-पाचला."

"मग सोमवारी साडेचारला येते. घरी सांगून ठेव, मुलगी फार बडबडी आहे."

त्याने हळूच माझा हात धरला.

"ते पहिल्याच शनिवारी सांगितलंय."