पसंत न पडलेली हत्यारं

दातांच्या डॉक्टरांना हत्यारं विकणाऱ्या आदिनाथला खरं तर पलीकडच्या जुन्या दवाखान्यात जायचं होतं. पण लोणावळ्याच्या धुक्यात पाटी काय, दार दिसलं तरी पुष्कळ! तो शिरला तो थेट प्रेरणाच्या दवाखान्यात. दवाखाना कसला, अजून भिंतींचा रंगही वाळला नव्हता. ओले केस मागे सारत त्याने बॅग उघडली आणि दात भरायची हत्यारं कापडावर एकेक करून मांडली... इतक्या हळुवारपणे, की डॉक्टरीणबाई हत्यारं सोडून त्याच्या बोटांकडेच बघत राहिल्या.

तेव्हापासून तो दर रविवारी पुण्याहून यायचा आणि प्रेरणाला काहीच पसंत पडायचं नाही. एकाची मूठ जाड, एकाचं पातं ताठ, एकाच्या टोकाला दातात भरायचं सिमेंट चिकटतं. तो हसून मान डोलवायचा, पुढच्या खेपेला दुसरं आणायचा. मग चहा व्हायचा, खिडकीतून धुकं आत यायचं आणि गप्पा हत्यारांवरून कुठल्या कुठं जायच्या. दवाखान्यात मदतीला येणाऱ्या, जवळच्या भुशी गावच्या नंदाबाईंनी एकदा विचारलंच, "म्याडम, तुमी हत्यारं बघताय का हत्यारवाला?"

प्रेरणा कानापर्यंत लाल झाली.

आज मात्र तो बातमी घेऊन आला होता. कंपनीनं त्याला पुढच्या महिन्यापासून कोल्हापूरला टाकलं होतं. "आज काय ते ठरवा, डॉक्टर. यापुढं दुसरं कुणीतरी येईल."

तिनं चहाचा कप त्याच्यापुढं सरकवला. मग तिला दिसलं, तो चहा एकाच बाजूनं पितोय. दाढ दुखते का, विचारलं तर ओशाळला. जगाला हत्यारं विकणारा हा गडी स्वतः खुर्चीत बसायला घाबरत होता! तिनं त्याला बसवलंच.

कीड खोल नव्हती. पहिल्याच दिवशी त्यानं नमुना म्हणून ठेवलेलं सोनेरी टोकाचं हत्यार तिनं उचललं आणि दाढेत एकेक थर भरत गेली. त्याचे डोळे तिच्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर... आणि तोंड उघडं. असा मोका पुन्हा मिळायचा नाही.

"हे मला तेव्हाच पसंत होतं," ती मास्कआडून हळूच म्हणाली. "सगळीच होती. पण घेऊन टाकली असती, तर तुम्ही परत कशाला आला असता?"

तो आ वासून बघत राहिला. दुसरं करणार तरी काय!

सिमेंट पक्कं झालं. तिनं दातांमध्ये, भरलेलं कुठं उंच राहिलं ते ठशानं दाखवणारी निळ्या कागदाची पट्टी धरली, चावायला लावलं आणि मोठ्या डॉक्टरी आवाजात विचारलं, "भरलेलं उंच लागतंय?"

"लागतंय."

तिनं छोट्या आरशातून पाहिलं. निळा ठसा अगदी सारखा उमटला होता. "कुठंच लागत नाहीये."

"लागतंय, प्रेरणा." पहिल्यांदाच नावानं. "कोल्हापुरात तर फारच लागेल. दर रविवारी दाखवायला यावं लागणार... चालेल?"

तिनं मास्क काढला. आपण हसतोय हे त्याला दिसू दे, असं तिला फार वाटत होतं.

"या," ती म्हणाली. "फक्त बॅग आणू नका."