बाबांच्या हिरव्या स्की

“हॉटेल नको! हॉटेल म्हटलं की मावशी पुढचं ऐकणारच नाही!” वकील म्हणाला.

“मग काय बर्फात झोपायचं?” टिल्लूने विचारलं.

“लॉजवर राहायचं!” मुकादमने दोघांना गप्प केलं. “स्कीच्या लिफ्टपासून लांबचं लॉज, म्हणजे स्वस्त. स्वयंपाक आपला आपण करायचा. आणि जायचं हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात. तेव्हा गर्दी नसते, सगळंच निम्म्यात मिळतं.”

“शेवटच्या आठवड्यात बर्फ तरी असतो का? माझी हरकत आहे!”

“तुझी हरकत नोंदवून घेतली. पुढे!”

मुकादम तेरा वर्षांची. सकाळी उठल्यापासून ती घरादाराला कामाला लावायची, म्हणून बाबांनीच तिला हे नाव ठेवलं होतं. टिल्लू तिचा धाकटा भाऊ. वकील मावसभाऊ. ‘जेवायला चल’ म्हटलं तरी हा आधी दोन मुद्दे मांडणार, मग उठणार.

बाबा गेले त्याला वर्ष होत आलं होतं. आई नोकरीला जायची, डबे भरायची, टिल्लूचे पाढे घ्यायची. कशात म्हणून खंड नव्हता. पण ती हसत नव्हती, आणि रडतही नव्हती. लोक म्हणायचे, किती धीराची बाई आहे! मुकादमला मात्र त्या धीराची भीती वाटायची. आई-बाबांची पहिली भेट एका बर्फाच्या उतारावर झाली होती. तिथे नेलं तर आई पुन्हा पहिल्यासारखी होईल, असं तिच्या मनाने घेतलं होतं. त्यासाठीच हा सगळा खटाटोप चालला होता.

आईने योजना शांतपणे ऐकून घेतली. “आणि स्कीचं भाडं?”

“आम्हा तिघांच्या तिथल्या दुकानातून घेऊ,” मुकादम म्हणाली. “तुला… बाबांच्या आहेत ना माळ्यावर.”

आई बाबांपेक्षा बोटभर उंच होती, आणि त्यावरून घरात कायम थट्टा चालायची. त्यामुळे स्की तिला लांब पडण्याचा प्रश्न नव्हता. प्रश्न वेगळाच होता, आणि तो कुणालाच बोलून दाखवता येत नव्हता.

“धूळ बसली असेल,” आई शेवटी म्हणाली. “पुसून घ्या.”

स्की हिरव्या होत्या, जुन्या, कडेला टवके उडालेल्या. एकीच्या टोकावर आईने कधीकाळी लावलेला लाल नेलपॉलिशचा ठिपका होता. स्कीला डावं-उजवं काही नसतं. पण बाबांचं म्हणणं, डाव्या पायाची स्की वेगळीच पळते! मग आईने हसत हसत एकीवर खूण करून दिली होती.

लॉज अगदी योजनेबरहुकूम निघालं, म्हणजे लांब आणि पडीक. तळघरात स्की ठेवायची खोली होती. तिथे ओल्या मोज्यांचा असा काही वास कोंडला होता की टिल्लू नाक धरूनच आत जायचा. भाड्याच्या स्कींना दुकानाचा पिवळा बिल्ला होता. दुकानदाराने बाबांच्या स्कीवरची बूट अडकवायची खटकीही आईच्या बुटांना बसेल अशी लावून दिली. त्यांना बिल्ला नव्हता, कारण त्या घरच्या होत्या.

पहिल्या दिवशी मुलं दर चार पावलांना आपटली. आई खाली बाकावर बसून बघत होती.

“तू नाही येत?” टिल्लूने विचारलं.

“आज नको रे. उद्या.”

दुसऱ्या दिवशी तिने बूट चढवले आणि पुन्हा काढून ठेवले. “उद्या नक्की.” हिरव्या स्की तळघरात भिंतीला टेकून तशाच उभ्या राहिल्या. मुकादम रोज जाताना त्यांच्याकडे बघायची आणि मनातल्या मनात चरफडायची.

आणि एका दुपारी त्या तिथे नव्हत्या!

“इथेच होत्या! या खुंटीखाली!” मुकादम ओरडली.

तिघांनी खोली उलटीपालटी केली. मग ते धावत लॉजच्या मॅनेजरकडे गेले. तो पाय लांब करून चहा पीत बसला होता.

“बाहेर कुठेतरी विसरला असाल,” त्याने मानही वर केली नाही. “आमच्या लॉजवरून काही हरवत नाही.”

“हरवतं! आत्ताच हरवलंय!” टिल्लू ओरडला.

“हरवल्यास आम्ही जबाबदार नाही. पाटी वाचा.”

“म्हणजे हरवत नाही, आणि हरवलं तर जबाबदार नाही?” वकिलाने बोट वर केलं. “दोन्हींपैकी एकच काहीतरी ठरवा!”

“जा रे, खेळा बाहेर!”

जिन्यात आल्यावर मुकादम रडायच्या बेतात होती. “आईला सांगायचं नाही. आधी शोधायच्या.”

“एक मुद्दा आहे,” वकील म्हणाला. “नव्याकोऱ्या, महाग स्की तशाच उभ्या आहेत. चोर असता तर त्या नेल्या असत्या. पण कोपऱ्यातली ती मोडकी काळी जोडी आठवते? तीसुद्धा गेली. बिल्ला नसलेल्या तेवढ्याच गेल्यात.”

मुकादमने त्याच्याकडे डोळे विस्फारून पाहिलं. “मग बिल्ला नसलेली आणखी एक जोडी ठेवू या!”

“आपल्याकडे कुठे आहे?”

“तुझ्या स्कीचा बिल्ला काढ.”

“भाड्याच्या वस्तूचा बिल्ला? माझी सक्त हरकत—”

टिल्लूने तोवर बिल्ला सोडवून खिशात घातलासुद्धा!

दुसऱ्या दिवशी सकाळचा नाश्ता उरकताच तिघं बूट वाळवायच्या कपाटामागे दडी मारून बसले. वासाने जीव नकोसा झाला, पण कुणी हूं की चूं केलं नाही. थोड्याच वेळात शीळ वाजवत कोण आलं? मॅनेजर! त्याने रांगेवरून नजर टाकली, वकिलाची जोडी बिल्ला नाही म्हणून काखोटीला मारली आणि दाराबाहेरच्या हातगाडीत टाकली.

“काय हा माणूस!” वकील पुटपुटला. “काल मला पाटी वाचायला सांगत होता!”

गाडीची चाकं विरघळत्या बर्फात खोल रुतत होती. त्या चाकोरीवरून तिघं दबकत दबकत लॉजमागच्या शेडपर्यंत गेले. मॅनेजर गाडी रिकामी करून निघून गेला. आतून यंत्राची करवत सुरू झाल्याचा आवाज आला.

“थांबा! काका, थांबा!” ती दार ढकलून आत घुसली.

आत एक सुतारकाका होते. त्यांची करवत वकिलाच्या स्कीवर टेकायचीच बाकी होती. ते दचकून मागे झाले. भुशात निळे, काळे, हिरवे कपटे मिसळले होते.

“या माझ्या आहेत!” वकिलाने स्की ओढून घेतली. टिल्लूने खिशातून बिल्ला काढून नाचवला.

“मला तर सांगितलं, टाकून गेलेल्या आहेत,” सुतारकाका गोंधळून म्हणाले. “दर हंगामाच्या शेवटी मालक नसलेल्या स्की मॅनेजर मला देतो. मी त्या मधोमध कापतो. शिकाऊ लोकांच्या उताराला त्याचंच कुंपण आहे. लॉजवरच्या सगळ्यांना विचारून मगच देतो, असं म्हणाला होता.”

“आम्हाला कुणीही विचारलं नाही,” मुकादम म्हणाली. तिची नजर हिरव्या कपट्यांवर खिळली होती. “काका, हिरवी जोडी?”

सुतारकाकांनी कोपऱ्यातून एक हिरवी स्की आणून तिच्या हातात दिली. ती धडधाकट होती. तिच्या टोकावर ठिपका नव्हता.

“आणि दुसरी?”

“दुसरी काल लावली, बाळा.”

आता आईला सांगणं भागच होतं. मुकादमने एका दमात सगळं सांगितलं आणि मान खाली घातली. आई धावली नाही. सावकाश चालत कुंपणापाशी आली. अर्धी हिरवी स्की टोक वर करून इतरांच्या रांगेत उभी होती. आईने लाल ठिपक्यावर बोट ठेवलं.

“माझंच चुकलं,” मुकादम हुंदके देत म्हणाली. “योजना माझी होती. भाडं वाचवायला मीच सांगितलं. नाहीतर त्या माळ्यावर सुखरूप राहिल्या असत्या.”

“माळ्यावर!” आई म्हणाली. “अगं, तिथे मी त्यांच्याकडे वर्षभर पाहिलंही नाही. इथेसुद्धा उद्या, उद्या करत बसले. ज्या स्कीला कुणी हात लावत नाही, ती टाकलेलीच वाटणार माणसाला.” ती तिथेच बर्फात बसली आणि रडू लागली. तोंडावर हात नाही, रुमाल नाही, अगदी टिल्लू रडतो तशी मोठ्याने. टिल्लू घाबरून तिला बिलगला. मुकादमलाही काय करावं कळेना. वर्षभर आई रडावी असं वाटत होतं, आणि आता ते बघवत नव्हतं.

मॅनेजर धापा टाकत आला. आईला रडताना पाहून त्याचा चेहरा पांढराफटक पडला. “ताई, मी विचारायला हवं होतं. कंटाळा केला मी. काल मुलं आली तेव्हा लक्षात आलं होतं, पण कबूल करायचा धीर झाला नाही, आणि आज पुन्हा तेच केलं. पुढच्या वर्षी फुकट राहा, हवे तितके दिवस.”

“भलतीच हुशार पोरं आहेत तुमची,” सुतारकाका म्हणाले. “क्षणभर उशीर झाला असता तर ही जोडीही गेली असती. म्हणाल तर कुंपणातून तो तुकडा आत्ता काढून देतो.”

“नको, राहू दे तिथेच,” आई म्हणाली.

संध्याकाळपर्यंत सगळ्या लॉजला बातमी लागली. प्रत्येक जण येऊन शाबासकी देऊन गेला, कुणी चॉकलेटं दिली. वकिलाने चॉकलेटांवरही हरकत घेतली नाही. मुकादमला मात्र पाठीवर पडणारा प्रत्येक हात नकोसा झाला होता.

शेवटच्या सकाळी आई सगळ्यांच्या आधी तयार होती. तिने बूट चढवले होते. “मुकादम, चल. आज हुकूम मी सोडणार.”

दुकानदाराने शोधून शोधून त्याच लांबीची एक पांढरी एकटी स्की काढून दिली. एका पायात हिरवी, एका पायात पांढरी, असा आईचा थाट झाला.

“मावशी, दोन वेगळ्या स्की घालून… हे नियमात बसतं का?” वकिलाने हळूच विचारलं.

“नाही बसत,” आई म्हणाली आणि लिफ्टच्या खुर्चीत जाऊन बसली.

तिघं खाली उभं राहून बघत होते. वरून आई निघाली. पहिल्याच वळणाला ती धडपडली, पार कोलमडली. टिल्लू किंचाळला! ती उठली. पुन्हा निघाली. हळूहळू तिचे गुडघे वाकले, खांदे सैल झाले, आणि कित्येक वर्षांपूर्वी शिकलेली वळणं तिच्या पायांना आठवू लागली. शेवटचा लांब उतार तिने न अडखळता कापला.

खाली येऊन ती थांबली, पण मुलांकडे वळली नाही. पाठमोरी, वर उताराकडे तोंड करून उभी राहिली. मग वाकून तिने हिरव्या स्कीवरचा बर्फ हाताने पुसला. ती काहीतरी बोलत होती. एवढ्या लांबून शब्द ऐकू येत नव्हते, पण ती त्यांच्यापैकी कुणाशी बोलत नव्हती, एवढं मुकादमला कळलं.

“आईऽ—” टिल्लूने हाक मारायला तोंड उघडलं.

मुकादमने त्याचा हात धरला. “थांब. तिचं होऊ दे.”

आई वळेपर्यंत तिघं तसेच उभे राहिले.