मधोमध आलेला चेंडू

ज्यांना मी कधी पाहिलंही नाही अशा एका आजीबाईंची मी जन्माची ऋणी आहे. त्यांचं नाव उमेयो, वय चौऱ्याण्णव. मे महिन्यातल्या एका रविवारी पहाटे त्या झोपेतच गेल्या, आणि त्या गेल्या म्हणून मला माझा माणूस भेटला. ऐकायला विचित्र वाटतं ना? पण अगदी तसंच झालं.

त्या पहाटे मी नदीच्या बांधावरून चालले होते. बियाण्यांच्या कंपनीने सेंदाई शहरातून मला या गावातल्या शाखेत पाठवलं, त्याला दोन महिने झाले होते. ऑफिसात माझी ख्याती एकाच शब्दाची होती — ‘चालेल’. जादा काम? चालेल. सुट्टी पुढे ढकलू? चालेल. पहाटे चालायला यायचं कारण एवढंच, की त्या वेळी कुणी काही विचारत नाही. बारीक पाऊस भुरभुरत होता, नदीवर धुकं बसलं होतं… आणि उतारावरून एक पांढरा रबरी चेंडू घरंगळत येऊन माझ्या बुटाला लागला.

“ओ निळ्या छत्रीवाल्या बाई! चेंडू!”

मी फेकला. तो जेमतेम चार पावलं गेला, तोही भलत्याच दिशेला. खाली मैदानात आठ पुरुष उभे होते. एकही हसला नाही. उलट हरवलेली वस्तू सापडावी तसे सगळे माझ्याकडे बघत राहिले.

त्यांच्यातले सर्वांत वयस्कर धापा टाकत वर आले. हे इगाराशी, बाजारपेठेतले न्हावी आणि ‘हामाचो टर्टल्स’ या गावच्या बेसबॉल टीमचे कॅप्टन.

“पोरी, तुला उभं राहता येतं ना?”

“उ… उभं?”

“फक्त उभं राहायचं. तिकडे, उजव्या कडेला, गवतापाशी. आमचे मंदिरातले गुरुजी उजवीकडे खेळतात. पण उमेयो-आजी पहाटे गेल्या, ते तिकडे पाठ म्हणायला गेलेत. आता आम्ही आठच. दहा मिनिटांत नऊ झाले नाहीत तर सामना गेला. आणि असा न खेळताच हा तिसरा गेला, की टीमच लीगमधून बाहेर. बावीस वर्षांची टीम आहे गं!”

“पण मला खेळता येत नाही…”

“आम्हाला तरी कुठे येतं?”

“चालेल,” मी म्हणाले. सवयीने.

मैदानातून एक उंच माणूस धावत आला. गळ्यात टॉवेल, हातात भलामोठा ग्लोव्ह. त्याने तो दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला, मान थोडी झुकवून.

“गुरुजींचा आहे. उदबत्तीचा वास येईल… माफ करा.”

“उदबत्तीचा नाही,” मी म्हणाले, “उकडलेल्या सोयाबीनचा येतोय.”

त्याचे कान लालबुंद झाले. “तो… तो माझा. माझं तोफूचं दुकान आहे. तीन वाजल्यापासून भट्टीपाशी असतो.” मग जरा थांबून, “फार येतोय का?”

“छान आहे,” मी म्हणाले. आणि मग माझेही कान तापले.

त्याचं नाव मित्सुहिरो ओकाझे, माझं मिनागावा. टीममध्ये सगळे त्याला नुसतं ‘तोफू’ म्हणत. तो मैदानाच्या मधोमध खेळायचा, मी उजवीकडे. म्हणजे आमच्यात अंतर फक्त तीसेक पावलांचं… पण तीस पावलं किती असतात, ते मला पुढच्या पाच महिन्यांत कळलं.

सामना आम्ही अकरा-दोनने हरलो. माझ्याकडे तीन चेंडू आले, तिन्ही माझ्यामागे गवतात गेले. कुणी चकार शब्द काढला नाही. शेवटी सगळ्यांनी लाकडी दाताळ्यांनी माती सारखी केली, रांगेत उभं राहून टोप्या काढल्या आणि रिकाम्या मैदानापुढे वाकून ओरडून आभार मानले. शाळा सुटल्यापासून मी मैदानापुढे वाकले नव्हते. त्या दिवशी वाकले. नऊ माणसं लागत होती आणि नववी मी होते. इतकं साधं कुणाला हवं असणं माझ्या वाट्याला कितीतरी दिवसांत आलं नव्हतं.

ओकाझेने थर्मासातून गरम सोयादूध ओतलं. पहिला पेला मला.

“पुढच्या रविवारी… याल?”

“पण गुरुजी असतील ना?”

“असतील.” तो गंभीरपणे विचार करत राहिला. “पण गावात दुसरं कुणीतरी वारू शकतं.”

मी इतकी हसले, की दूध नाकात गेलं.

मी दर रविवारी जाऊ लागले. गुरुजींनी स्वतःहून उजवी बाजू मला देऊन टाकली. “माझे गुडघे आता ध्यानापुरतेच उरलेत,” असं म्हणून ते धावफलकापाशी जाऊन बसले. आणि ऑगस्टच्या एका सकाळी ओकाझेने कागदात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या हातात ठेवलं. ग्लोव्ह होता. माझ्या मापाचा, लोण्यासारखा मऊ.

“नवा कडक असतो. म्हणून मध्ये चेंडू ठेवला, दोरीने बांधला आणि गादीखाली घातला. दोन महिने.”

“म्हणजे दोन महिने तुम्ही माझ्या ग्लोव्हवर झोपत होतात?”

“पा… पाठीखाली. तशीच पद्धत आहे!”

“रुतला नाही?”

“रुतला ना,” तो नदीकडे बघत म्हणाला. “पण… बरं वाटायचं.”

आता यापुढे कुणी काहीतरी बोलायला हवं होतं, हे तुम्हाला कळलं, मला कळलं, धावफलकापाशी बसलेल्या गुरुजींनाही कळलं. पण मी म्हणाले, “आभारी आहे.” तो म्हणाला, “छे छे.” आणि दोघं आपापल्या जागी पळालो.

त्याच सामन्यात ते झालं. चेंडू उंच उडाला आणि बरोब्बर आम्हा दोघांच्या मध्ये येऊ लागला. मी धावले, तोही धावला. तीन पावलांवर दोघं थबकलो. मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे. त्याने हात पुढे केला — ‘तुम्ही घ्या.’ मी मान हलवली — ‘नाही, तुम्ही.’ आणि चेंडू आमच्या मधोमध टप्पकन गवतात पडला. समोरच्यांच्या दोन धावा झाल्या.

“अरे!” कॅप्टनचा आवाज नदीपार गेला असेल. “मुलगी बघायचा कार्यक्रम चाललाय का इथे? चहा पाठवू?”

सगळं मैदान खो-खो हसलं. समोरची टीमसुद्धा.

सामना संपल्यावर कॅप्टननी आम्हा दोघांना उभं केलं. “ऐका. चेंडू ज्याला घ्यायचाय त्याने हात वर करून ओरडायचं — ‘माझा!’ दुसऱ्याने लगेच उत्तर द्यायचं — ‘तुझाच!’ आणि त्याच्या मागे जाऊन उभं राहायचं. मैदानात अहो-जाहो नाही, ‘आपण घेता का’ नाही. सभ्यपणाने आजवर एकही चेंडू झेलला गेलेला नाही. म्हणा!”

“माझा…” मी म्हणाले.

“तुझाच…” तो पुटपुटला.

“हा काय आवाज आहे? शेजारच्या गल्लीत तोफू विकायला जातोस तेव्हा तरी ओरडतोस ना?”

“तेव्हा भोंगा वाजवतो,” ओकाझे म्हणाला.

ऑक्टोबरात मुख्य ऑफिसचा फोन आला. नोव्हेंबरपासून सेंदाईला परत. बढतीसह. सोमवारपर्यंत उत्तर द्या. माझ्या जिभेवर ‘चालेल’ आलंच होतं, पण कसं कोण जाणे, मी ते गिळलं. म्हणाले, “कळवते.” पलीकडचे साहेब इतके चकित झाले, की क्षणभर लाइन तुटली असं वाटलं.

मला जायचं नव्हतं. इथले शेतकरी मला नावाने ओळखू लागले होते, बाजारात इगाराशींच्या दुकानातून कुणीतरी हाक मारायचं. आणि… हो, ओकाझे होता. पण त्याच्या मनात काय आहे? नुसता एक चांगला माणूस असेल, सगळ्यांनाच पहिला पेला देत असेल. त्याने एकदा म्हणावं, ‘जाऊ नका.’ बस. एवढंच हवं होतं मला.

शनिवारी मी मुद्दाम त्याच्या दुकानात गेले. मी कॅप्टनना सांगितलेली बातमी त्याला कळली होतीच. पाण्याच्या टाकीत कोपरापर्यंत हात घालून तो तोफू काढत होता. बोटांची टोकं पांढरी पडली होती.

“सोमवारी उत्तर द्यायचंय,” मी म्हणाले.

“हो… कळलं.” त्याने लादी फार हळू कागदात गुंडाळली. “बढती आहे ना. अभिनंदन.”

“तुम्हाला काय वाटतं?”

त्याने ती गुंडाळलेली लादी उघडून पुन्हा गुंडाळली. मग म्हणाला, “सेंदाईलाही… चांगला तोफू मिळतो म्हणे.”

घरी येऊन मी तो तोफू खाल्ला. रडत रडत खाल्ला. फारच चांगला होता मेला.

दुसऱ्या दिवशी मोसमातला शेवटचा सामना. गवतावर दव, श्वासांची वाफ. नवल म्हणजे आम्ही एका धावेने पुढे होतो! शेवटचा डाव, दोघं बाद, तिसरा बाद झाला की सामना आमचा; पण त्यांचे दोन गडी धावायला टपलेले. आणि चेंडू उडाला. उंच… उंच… पुन्हा आमच्या दोघांच्या मधोमध.

मी धावले. डोळ्यांच्या कोपऱ्यातून तो धावताना दिसला. त्याचं पाऊल अडखळलं. मला ते अडखळणं पाठ होतं, कारण माझंही तस्संच होतं.

“माझा!”

हा माझा आवाज? बांधावरचा कुत्रा भुंकायला लागला.

“तुझाच!” त्याचाही आवाज फुटला, पहिल्यांदाच.

चेंडू माझ्या ग्लोव्हमध्ये बसला… आणि टुणकन बाहेर उडाला. गेला, मी मनात म्हणाले. पण माझ्या पाठीमागे कुणीतरी गवतावर धप्पकन आडवं झालं. वळून पाहिलं तर ओकाझे पालथा पडलेला, नाकाला चिखल, आणि जमिनीपासून वीतभर वर त्याच्या ग्लोव्हमध्ये तो पांढरा चेंडू.

“बाद!”

मग काय झालं ते नीट आठवत नाही. कॅप्टन रडत होते, गुरुजी धावफलकासकट नाचत होते. मला एवढंच आठवतं, की मी मनाशी म्हणत होते — अरे, ‘माझा’ म्हणायचं म्हणजे एकटीनेच झेलायचं असं नसतं. हाताला लागून निसटलं तरी मागे कुणीतरी असतं. फक्त आधी म्हणायला हवं.

सगळे दाताळी घेऊन माती सारखी करू लागले. ओकाझे माझ्याजवळ आला.

“मिनागावा-सान… पाच महिने फार छान गेले. तिकडे गेल्यावर… तब्येतीला जपा.”

तेच. अगदी तेच. तो हात पुढे करत होता, मी मान हलवणार होते, आणि चेंडू खाली येत होता. मला तो दिसत होता!

मी दाताळं टाकलं. दहा पावलं मागे गेले. उजवा हात उंच केला, आणि थेट त्याच्याकडे बघत ओरडले —

“माझा!”

सगळी दाताळी थांबली.

“मी सेंदाईला जात नाहीये!” आवाज थरथरत होता, पण मोठा होता. “मला हे गाव आवडतं, म्हणून. तुम्ही नसतात तरी राहिले असते. पण तुम्ही आहात! आणि मला तुम्ही आवडता. झालं. म्हटलं मी!”

ओकाझे तसाच उभा. नाकावर चिखल, हातात दाताळं.

“काल मी खोटं बोललो,” तो म्हणाला. “सेंदाईचा तोफू मी कधी खाल्लेलाच नाही.”

“तोफू!” कॅप्टन किंचाळले. “नियम काय आहे?”

त्याने टोपी काढली. मैदानापुढे वाकतो तसा कमरेतून वाकला, सरळ झाला आणि छाती भरून श्वास घेतला.

“तुझाच!”

आणि नियमाप्रमाणे धावत येऊन माझ्या मागे उभा राहिला. मागे! मला त्याचा चेहरा दिसावा म्हणून शेवटी मलाच वळावं लागलं. डोळे भरलेले होते वेड्याचे.

“गुरुजी,” कॅप्टन नाक पुसत म्हणाले, “एखादी तारीख बघा.”

“माझ्याकडे लोक बहुतेक कुणी गेल्यावरच तारीख विचारायला येतात,” गुरुजी म्हणाले. “पण बघतो.”

मग आम्ही रांगेत उभे राहिलो, टोप्या काढल्या आणि मैदानाचे आभार मानले. त्या दिवशी सगळ्यांत उशिरा मान मी वर केली. आठ माणसांना एक माणूस कमी पडला होता, एवढ्याने माझं आयुष्य बदललं. त्याचे आभार किती वाकून मानायचे?

सोमवारी मी साहेबांना फोन केला. “नाही चालणार,” म्हणाले. दोनच शब्द, पण काय गोड लागले जिभेला!

आणि त्या संध्याकाळी आम्ही दोघं मंदिरामागच्या टेकडीवर गेलो, उमेयो-आजींच्या समाधीपाशी. मित्सुहिरोने ताज्या तोफूची लादी ठेवली, मी उदबत्ती लावली. हात जोडून मी म्हणाले, “आजी, आम्ही कधी भेटलो नाही. मी तुमच्या गुरुजींच्या जागी उभी राहिलेली मुलगी.”

शेजारी तो डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होता.

“काय म्हणालात आजींना?” उतरताना मी विचारलं.

“म्हटलं, तुमच्यामुळे मला उशीर झाला.”

“उशीर?”

“त्या पहाटे मी ठरवलं होतं. सामना झाला की बांधावर जाऊन त्या निळ्या छत्रीवालीला नाव विचारायचं. दुकानातून बांध दिसतो, दोन महिने रोज बघत होतो.” कान पुन्हा लालबुंद. “पण तुम्ही स्वतःच आमच्यात येऊन उभ्या राहिलात. मग कसलं धाडस होतंय! पाच महिने गेले.”

मी पायरीवरच थांबले. मग हसू आवरेना. आणि त्याचा तो पाण्याने गार पडलेला हात माझ्या हातात घेतला. न विचारता.