मोजणी बंद आहे

आमच्या ऑफिसात कागद ताडून पाहायची एक जुनी रीत आहे. टायपिस्टबाई मूळ प्रत मोठ्यानं वाचतात, मी दुसरीवर लाल खुणा करत जाते. महाकंटाळवाणं काम, पण एक आकडा चुकला, तरी समोरचा वकील राईचा पर्वत करतो.

त्या दुपारी आरोग्य खात्याचे आकडे ताडत होतो. कोणत्या गल्लीत किती मुलांना दम लागून दवाखान्यात न्यावं लागलं, हे खातं दर महिन्याला वेबसाइटवर टाकायचं. गेल्या वर्षी ते पान गुपचूप काढलं. विचारलं, तर ‘मोजणी बंद आहे.’ पान पुन्हा सगळ्यांना खुलं करावं, म्हणून मी याचिका लावली होती. खरं सांगायचं, तर माझा जीव अडकला होता भावाच्या घरात. कारखान्याच्या भिंतीला लागून त्याची गल्ली. पोरीला सारखी धाप लागायची आणि घर सोडावं की राहावं, हे वहिनीला ठरवता येत नव्हतं.

वाचता वाचता बाईंचा आवाज बसला. प्रत्येक आकड्यानंतर थांबून श्वास घेऊ लागल्या. सर्दी असेल, म्हटलं. माझा छापील कागद संपला, तरी वाचन चालूच. पान काढल्यानंतरचे महिने! बाईंनी कुठून पैदा केले कोण जाणे, म्हणत मी मान खाली घालून कोऱ्या कागदावर लिहीत गेले. शेवटी भावाची गल्ली, चालू महिना: पंधरा.

दार उघडलं. झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन बाई आत आल्या.

“मॅडम, लिहिताय काय?”

“तुम्हीच वाचत होता की.”

“मी केव्हाची खाली गेलेय. सांगून गेले, तुम्ही मानही हलवलीत.”

समोरची खुर्ची रिकामी होती. मी तो लिहिलेला कागद घडी घालून फाइलीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी कोर्टात सरकारी वकील म्हणाले, “मोजणीच होत नाही, तर दाखवायचं काय?”

मला राहवलं नाही. “मग त्या गल्लीत या महिन्यात पंधरा मुलं कशी?”

“चौदा,” ते बोलून गेले.

न्यायाधीशांनी खात्याची फाइल मागवली. माझ्या कागदाशी सगळे महिने जुळले, फक्त फाइलीतला शेवटचा आकडा एकानं कमी होता. पान खुलं करण्याचा आदेश निघाला.

बाहेर येते, तोच भावाचा फोन. “ताई, दवाखान्यात ये. पोरीला श्वास घेता येत नाहीये.”

भाची पडद्यामागे होती. मी तिचा हात धरला.

तिनं मास्क बाजूला केला.

बसलेल्या आवाजात, शब्दाशब्दाला थांबत तिनं विचारलं, “आत्या... लिहिलंस... ना?”