पंगतीतला बोसा नोव्हा

"काही चुकलं का आमचं?"

मी मान वर केली. डोक्याला टॉवेल, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, हातात वरणाची बादली... आणि चेहरा एकदम रडवेला. मी मिक्सरच्या मागे खुर्चीवर मांडी घालून बसले होते. मला वाटलं, हा वाढपी इथंच वरण वाढायला आला.

"मी मागून जेवते," मी म्हटलं.

"जेवणाचं न्हाई विचारून राहिलो. मामा रुसले का?"

"कुणाचे मामा?"

"नवरदेवाचे! तुमचेच ना?"

नवरदेवाचे मामा म्हणजे माझे अप्पा. आम्ही निलंग्याचे. अप्पांची साउंड सर्व्हिस आहे. बॉक्स, मिक्सर, माइक, जनरेटर सगळं घरचं. त्या दिवशी माझ्या आतेभावाचं, सत्यमचं लग्न होतं. मुलगी अर्धापूरची, शिल्पा. कार्यालय नांदेडच्या अलीकडे. भाच्याच्या लग्नात बॉक्स मामाचेच लागणार, हे सांगायला नको. माझ्या बाकीच्या बहिणी करवल्या होऊन मिरवत होत्या आणि मी भरजरी साडी खोचून मिक्सरवर बसले होते, कारण अप्पांच्या खालोखाल कान माझा. हे मीच म्हणते, पण खरं आहे.

"मामा कशाला रुसतील?"

"मग सनई काहून बंद झाली? अन् हे... हे असलं काय लावलं?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अक्षता पडल्या, पहिली पंगत बसली आणि लाइट गेली. अप्पा जनरेटरकडे पळाले. जनरेटर सुरू झाल्यावर आवाज नीट येतोय का, ते बघायला मी नेहमीप्रमाणे टेस्टिंगचं गाणं लावलं होतं. हैदराबादच्या दुकानदारानं फार वर्षांपूर्वी मिक्सरसोबत एक पेनड्राइव्ह दिला होता, त्यातलं. एक बाई पियानो वाजवत गाते. भाषा कुठली, देव जाणे. ढोल नाही, ताशा नाही; सकाळी अंगणात कुणी सावकाश खराटा मारावा तसा मागे ड्रमचा खसखस आवाज. बॉक्समध्ये जरा जरी बिघाड असला, तरी या बाईच्या आवाजात तो लगेच कळतो. म्हणून टेस्टिंग. पण मला ती आवडायची. इतकी, की टेस्टिंग संपलं तरी मी बंद करायची विसरले.

आणि बाहेर पंगतीचा घोळ झाला होता. त्या संथ गाण्यावर मंडळी आरामात जेवत होती. इकडची तिकडची ख्यालीखुशाली विचारत, पुन्हा बुंदी मागत. दुसऱ्या पंगतीची माणसं त्यांच्या पाठीशी उभी राहून ताटकळत होती आणि पहिली पंगत काही उठेना. त्यात सनई बंद आणि मामा गायब! मुलीकडच्यांनी काढायचा तोच अर्थ काढला... मामांचा मानपान राहिला, मामा रुसले, पंगत अडवून बसले.

"अप्पा जनरेटरमध्ये डिझेल टाकायलेत," मी हसू दाबत म्हटलं. "सनई लावते लगेच. सांगा जाऊन सगळ्यांना."

तो हलला नाही. एक कान बॉक्सकडे.

"थांबा..." तो म्हणाला. "हे होऊ द्या ना एवढं."

"आत्ता तर बंद करा म्हणत होता!"

"ते मुलीचा भाऊ म्हणून बोललो. चुलत. हे माझं मी बोलून राहिलो."

त्याच्या हातातला पळा बादलीच्या काठावर हळूच टकटक करत होता. मी ऐकलं आणि चमकले. त्या गाण्याचा ठेका फसवा आहे. आपल्याला वाटतं तिथं तो पडतच नाही. आमच्या ताशावाल्यांनाही तो धरता आला नव्हता. याचा पळा मात्र बरोबर तिथंच पडत होता. मी त्याच्याकडे बघितलं. त्यानं माझ्याकडे बघितलं. आणि दोघांनीही एकदम दुसरीकडे बघितलं.

"सुदर्शन! अरे, वरण कुठं गेलं?" मांडवातून दणदणीत हाक आली.

आता मुलीकडचं वरणच मिक्सरपाशी उभं होतं, त्याला मामांनी काय करावं?

*

तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. नंबर शिल्पावहिनीकडून घेतला म्हणे.

"ते गाणं पाठवता का?"

"कोणतं?" मी मुद्दाम विचारलं.

"ज्याच्यामुळं मी बोलणी खाल्ली, ते."

मी एकच पाठवलं. पेनड्राइव्हमध्ये त्या बाईची बरीच गाणी होती, पण सगळी एकदम पाठवायला मी काय वेडी होते? मग तो रोज एक मागू लागला आणि मी रोज एक पाठवू लागले. बदल्यात त्याचे आवाजी निरोप यायचे, मागे त्यांच्या बागेतल्या केळीच्या पानांची सळसळ.

"आज घड उतरवताना सगळ्यांना ऐकवलं. आमच्याकडं तुळजाबाई म्हणून एक म्हातारी कामाला येती. ती विचारती, ही बाई कुणाला झोपवून राहिली?"

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"सांगितलं, झोपवत न्हाई... झोप उडवून राहिली."

तो निरोप मी कितीदा ऐकला, ते विचारू नका. आईनं एकदा विचारलंच, "काय गं उज्वला, बॉक्स दुरुस्त करायलीस का हसायलीस?"

"दोन्ही," मी म्हटलं.

पावसाळ्यात, गणपतीच्या आधी, आम्ही बॉक्स दुरुस्तीला लातूरला नेतो. गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत निजामोद्दीन चाचांचं दुकान आहे. मी बोलता बोलता सुदर्शनला म्हणाले होते, की मंगळवारी लातूरला जाणार. एवढंच. ये म्हणाले नव्हते. मंगळवारी दुकानात शिरते, तर हा बाकावर बसलेला, केस भुरभुर पावसानं ओले, शेजारी केळ्यांची फणी.

"तुम्ही इथं?"

"ट्रकसंगं आलो. केळी उतरवायची होती."

"ती तर मोंढ्याच्या बाजारात उतरतात."

"उतरली ना तिथं. फक्त एवढी राहिली," त्यानं फणीकडे बोट दाखवलं.

चाचांनी चष्म्यावरून आमच्याकडे बघितलं. "बेटी, ये पोट्टा केले बेचने आया की गाना सुनने आया?"

मी घाईनं पेनड्राइव्ह लावला. चाचांनी दुरुस्त केलेल्या मोठ्या बॉक्समधून ती बाई गाऊ लागली. आम्ही बाकावर बसलो, मध्ये केळ्यांची फणी. पियानोचे सूर पावसात मिसळत होते. मला तिचा श्वासही ऐकू येत होता आणि, खरं सांगते, शेजारचाही.

"मी शोधून काढलं," सुदर्शन हळूच म्हणाला. "जॅझचा पियानो वाजवती ही. पण ही गाणी ब्राझीलची. बोसा नोव्हा म्हणतेत ह्याला."

"म्हणजे ही ब्राझीलची?"

"न्हाई ना! तीच तर गंमत हाय. हिला ही गाणी आवडली, म्हणून तिकडची भाषा शिकली. लई वर्षं लागली म्हणे. मग रेकॉर्ड केली."

त्यानं तिचं नाव सांगितलं. ते मला म्हणता येईना. त्यालाही येत नव्हतं. आम्ही दोन-तीनदा प्रयत्न केला आणि इतके हसलो, की चाचांनी गाणं थांबवलं.

"नुसती गाणी आवडली, तर बाई अख्खी भाषा शिकली," मी म्हटलं. "नाहीतर आपली माणसं..."

"मी मिक्सर शिकीन," तो म्हणाला.

"कशासाठी?"

"तुम्हीच सांगा कशासाठी."

मी केळं सोलायला घेतलं. हाताला दुसरं कामच सुचेना.

"घरी बोलू का?" त्यानं विचारलं. आवाज एकदम खाली गेला होता.

मला हो म्हणायचं होतं. पण मी आधी ते सांगितलं, जे सांगणं भाग होतं. मला बघायला आलेली दोन स्थळं याआधी याच एका गोष्टीवरून परत गेली होती. "बोला. पण सुदर्शन, मी मिक्सर सोडणार नाही. लग्नानंतरही लोकांच्या लग्नात मी बॉक्सच्या मागे बसणार. साधंसुधं काम आहे, पण मला तेच येतं आणि तेच आवडतं. तुमच्या घरी हे चालेल का, ते आधी विचारा."

"हाव," तो म्हणाला. "विचारतो."

*

दसऱ्यानंतर ते निलंग्याला आले. सुदर्शन, त्याची आई लक्ष्मीबाई आणि वडील श्रीमंतराव. उंच, भरदार, मांडवात वरणासाठी हाक मारली होती तो आवाज यांचाच. आईनं मुरमुऱ्यांचा सुशीला केला होता. मी प्लेटा ठेवल्या आणि आईशेजारी बसले.

श्रीमंतराव वाईट माणूस नाहीत. उलट फार गोड बोलले. पोरगी पसंत, घर पसंत, द्यायचं-घ्यायचं काही नाही. "फक्त एकच," ते म्हणाले, "ते बॉक्सचं काम तेवढं आता बंद करावं. आमच्या घरच्या सुनेनं दुसऱ्याच्या लग्नात तारा ओढत बसावं, बरं दिसत न्हाई."

मी अप्पांकडे बघितलं. ज्यांनी मला पहिली तार जोडायला शिकवली, ते अप्पा. ते प्लेटकडे बघत होते. मुलीचा बाप झाला, की माणसाचा आवाज कुठं जातो कोण जाणे.

"तुमची जशी इच्छा," अप्पा म्हणाले.

मी सुदर्शनकडे बघितलं. तोही खाली मान घालून बसला होता. बोल ना रे, मी मनात म्हणत होते. लातूरला तर काय मोठ्या ऐटीत बोलत होतास! म्हणजे यानं घरी विचारलंच नव्हतं. डोळ्यांत पाणी यायच्या आत उठून जावं, म्हणून मी पदर सावरला...

तेवढ्यात सुदर्शननं समोरची प्लेट दूर सारली.

"काय झालं? खा की," श्रीमंतराव म्हणाले.

"न्हाई खात. मी रुसलो."

सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

"रुसलो म्हणजे?"

"अण्णा, मुलाकडच्यांना रुसायचा मान असतो का न्हाई?"

"असतो, पण..."

"मग मी नवरदेव. माझा मान पहिला. मी रुसलो."

अप्पा घाबरून अर्धे उठले. "काही कमी पडलं का? सांगा, लगेच..."

"तुम्ही बसा, मामा. तुमच्याकडं काहीच मागत न्हाई." त्यानं वडिलांकडे बोट केलं. "ह्यांच्याकडं मागून राहिलो. महिनाभर घरात समजावून सांगितलं, गाडीत सांगितलं. ऐकत न्हाईत. म्हणून आता चारचौघांत रुसलो. उज्वला मिक्सरवर बसली पाहिजे. तवर मी पाणीसुद्धा पिणार न्हाई."

श्रीमंतरावांचा चेहरा लाल झाला. मुलीच्या घरी येऊन मुलगा आपल्याच बापावर रुसतो, असं त्यांनी कधी बघितलं नसणार. आम्हीही नव्हतं बघितलं.

"अरे, लोकं काय म्हणतील?"

"लोकं?" लक्ष्मीबाई पहिल्यांदाच बोलल्या. पदर तोंडाला लावून हसत होत्या. "अहो, शिल्पाच्या लग्नात हिनं ते गाणं लावलं, तवा पंगतीत सगळ्यात मागं कोण राहिलं होतं? मी उठा म्हणलं, तर म्हणले, गाणं संपू दे. अन् वर बुंदी मागवली!"

"ते... भूक होती मला."

"तीन बारी?"

अप्पांना हसू फुटलं. मग आईला. श्रीमंतराव छताकडे बघत मिशीतल्या मिशीत म्हणाले, "बसू द्या बापा. पण सोताच्या लग्नात तरी तिनं स्टेजवर बसावं. तिथं तारा न्हाई ओढायच्या."

"नाही ओढणार," मी म्हटलं. माझा आवाज इतका कापत होता, की टेस्टिंगला लावला असता, तर चाचांनी बॉक्स बदलायला सांगितला असता.

मोठी माणसं तारखांवर बोलायला लागली. मी चहाचं निमित्त करून मागच्या अंगणात आले. पाठोपाठ सुदर्शनही आला. टॉवेल नाही, बादली नाही. हात कुठं ठेवावेत, ते त्याला कळत नव्हतं.

"मला वाटलं, तुम्ही घरी विचारलंच नाही," मी म्हटलं.

"तुमच्या डोळ्यांत दिसलं ते. मला मारायलाच उठला होता तुम्ही."

"मारायला नाही. रडायला." मी थांबले. मग म्हटलं, आता नाही बोलले, तर कधी बोलणार? "मिक्सर सोडला नसता मी. तुम्हाला सोडलं असतं. आणि मग जन्मभर कुठलंच गाणं नीट ऐकता आलं नसतं मला... लई आवडतोस तू, सुदर्शन. बादली घेऊन उभा होतास, तेव्हापासून."

तो कानापर्यंत लाल झाला.

"अरे सुदर्शन," आतून लक्ष्मीबाईंनी हाक मारली, "सुशीला थंड होऊन राहिला! झालं का न्हाई रुसून?"

"न्हाई!" तो तिथूनच ओरडला. "अजून जरा टाइम लागंल!"

आणि तो माझ्या शेजारी पायरीवर बसला.