नंतर वाढवलेली खोली

आमच्या घराचा नवा नकाशा मीच काढला होता. पोटापाण्याचा उद्योगच तो. लग्नानंतर स्वयंपाकघराची बुटकी चौकट पाडून उंच केली, मधला खांब काढून टाकला आणि मागे एक खोली वाढवली. सासूबाई कुरकुरल्या, "अगं, घर आहे, पाटी नव्हे, सारखं पुसून लिहायला." मी हसण्यावारी नेलं.

मग परक्या फौजेनं शहर घेतलं. माझा नवरा लढाईतून परतलाच नाही. धाकटा दीर तेवढा उरला होता, आणि भिंतींवर रोज चिकटणारी पत्रकं तोच छापत होता. सापडला असता तर गोळीच. सासूबाई नवी नवरी होत्या तेव्हाही एक फौज आली होती, दुसऱ्याच देशाची. त्यांच्या दिराला त्या फौजेनं धान्याच्या कोठीतून ओढून नेलं होतं. म्हणून कोठीचा विचारही न करता मी भाऊजींना मागच्या खोलीत ठेवलं आणि दारापुढे कपाट सरकवलं.

"वहिनी, नकाशा चुकला तर तुमची खैर नाही हं!" ते आतून म्हणाले. अशा वेळीही थट्टा.

शिपाई दुपारी आले. अधिकारी अगदीच कोवळा पोरगा. स्वयंपाकघरात शिरताना तो वाकला. चौकट त्याच्या डोक्याच्या चांगली हातभर वर होती. मागचे सगळेही वाकले. आत मोकळ्या जमिनीच्या मधोमध येताच प्रत्येकजण बाजूला सरून वळसा घालून गेला.

तिथे पूर्वी खांब होता.

कपाटाकडे कुणी पाहिलंही नाही. ते थेट कोठीत घुसले. कोठी रिकामी होती, मीच सकाळी झाडली होती. तरी आत झटापट झाली, काहीतरी आपटलं. मग दोन शिपाई बाहेर आले. मध्ये माणसाएवढी जागा सोडून, दोन्हीकडून काहीतरी जड ओढत.

सासूबाई त्यांच्यामागे धावल्या. "ताप आहे हो त्यांना! निदान अंगावर काही घालू द्या!"

आवाज कोवळ्या मुलीचा होता.

फाटक वाजलं. अंगणातल्या मातीत ओढलेल्या टाचांच्या दोन रेघा उमटल्या होत्या. खरं सांगते, मला आनंद झाला होता. आमचे भाऊजी वाचले होते.

धावत जाऊन कपाट सरकवलं.

मागे भिंत होती. धुरानं काळवंडलेली, जुनी.

मी चाचपून पाहिलं. कुठे फट नव्हती. बाहेरून वळसा घालून मागे गेले. भिंतीला लागून नुसतं गवत वाढलं होतं.

परत येऊन भिंतीला कान लावला.

"वहिनी," आतून हळूच आवाज आला, "गेले का ते?"

"गेले."

"मग उघडा ना."